लिंबाच्या वळणापर्यंत

२४ ऑगस्ट, रविवार

दुधाचा टेम्पो आजपासून बंद झाला. टेम्पोवाला फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, तुमच्या रस्त्यानं गाडीचा खुळखुळा झाला माझ्या." गाव आणि तांडा मिळून अकरा घरांचं दूध सकाळी आठच्या आत जवळा बाजारच्या संकलन केंद्रावर गेलं पाहिजे. नऊ किलोमीटर. ते नेणार कोण?

म्हशी घ्या असं या बायकांना मीच म्हणाले होते. बचत गटाच्या बैठकीत उभी राहून. तांड्यावरची जिवनबाई तर तयारच नव्हती. "ऊसतोडीला गेलं की पोट भरतंय बाई आमचं," म्हणत होती. मी तिला म्हणाले होते, तुमचे गुडघे अजून किती वर्षं मोळ्या उचलतील? म्हशी घ्या, दुधाचं मी बघते. "मी बघते" हे शब्द मीच वापरले होते.

दसऱ्यापर्यंत तिचा पुतण्या सेवा आपल्या मोटारसायकलवर कॅन नेईल. दसरा झाला की टोळी साताऱ्याकडे जाणार. सेवा जाणार, त्याची गाडीही जाणार. जिवनबाईनं मला स्पष्ट सांगितलं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दूध गेलं तर म्हशी राहतील. न्हाई गेलं तर शनिवारी म्हशी इकीन आन् ट्रकात बशीन. मला वाट बघायला जमत न्हाई."

संध्याकाळी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, गोठ्यातली गाडी दुरुस्त करायची म्हणते."

त्या भाजी चिरत होत्या. विळीवरचा हात थांबला. भाजी अर्धी तशीच ठेवून उठल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला गेल्या. म्हशीला पाणी मी नुकतंच दाखवलं होतं.

२६ ऑगस्ट

ताडपत्री काढली. नऊ वर्षांनी.

सासऱ्यांनी घेतलेली राजदूत, पुढे ह्यांच्याकडे आली. ह्यांनी तिच्यावर दूध नेलं, खत आणलं, मला माहेरी नेलं. लिंबाच्या वळणावर ट्रॉलीला धडक बसली तेव्हा गाडीला टाकीवर एक पोचा आला फक्त. बाकी काही नाही. मला तेव्हा त्याचाच राग आला होता, की हिला काहीच कसं झालं नाही.

सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. साखळीला गंज. चाकांचं रबर हातात भुसा होऊन येतंय. पण टाकीच्या झाकणावर मात्र हळदीकुंकवाचे थर आहेत, वाळून पापुद्रे झालेले. म्हणजे आत्याबाई दर खंडेनवमीला गुपचूप इथे येऊन हिची पूजा करत होत्या. मला कधी कळलंसुद्धा नाही.

मी कपडा ओला करून ते पुसायला गेले तर मागून आवाज आला, "टाकीला हात लावू नको, निते."

"पुसते फक्त."

"शिवाचा हात तिच्यावर व्हता शेवटचा. बाकी काय करायचं ते कर. टाकी उघडू नको, काढू नको."

मी कपडा खाली ठेवला. आईचं मन आहे. बाकी सगळं उघडेन, टाकी राहू दे.

३१ ऑगस्ट

बाजाराला गेले होते. जवळ्यात दोन गॅरेजवाल्यांनी नाव ऐकूनच हात जोडले. एकजण म्हणाला भंगारात घाला. शेवटी पिंपळाखालच्या लखमा मिस्त्रींकडे गेले. सत्तरीचे आहेत, आता फक्त पंक्चर काढतात, डोळ्यांना कमी दिसतं.

"राजदूत?" त्यांनी हातातली ट्यूब खाली ठेवली. "कुणाची?"

"शिवशंकर काळ्यांची."

त्यांनी माझ्याकडे बघून घेतलं. "दूधवाले. बराबर. त्याच्या गाडीचे पॉइंट मीच घासायचो. तुमी कोण, घरच्या?"

"हो."

"कोण करणार काम?"

"मीच. मोबाइलवर बघून."

ते हसले नाहीत, म्हणून मला तिथेच बसावंसं वाटलं. त्यांनी मातीत काडीनं इंजिन काढून दाखवलं. ठिणगी पाडणारे पॉइंट घासा, प्लग नवा घाला, कार्बोरेटर धुवा, टाकी धुवा. तोंडपाठ करून घेतलं माझ्याकडून. "आन् टाकी पहिले धुवायची. जुनी गाडी म्हंजे जुनं पोट. पोटात काय आहे बघितल्याबिगर औषध द्यायचं न्हाई."

मी मान डोलावली.

५ सप्टेंबर

अंगणवाडी सुटल्यावर रोज दोन तास. दोन्ही हातांच्या नखांत काळं बसलंय. आज एक पोरगी मला म्हणाली, बाई तुमी चूल सारवली का? हो म्हणाले.

पॉइंट घासले. प्लग बसवला. कार्बोरेटरचे तुकडे ताटात मांडले आणि प्रत्येकाचा फोटो काढून ठेवला, तरी परत जोडताना एक स्प्रिंग उरली. ती कुठली हे शोधण्यात अख्खी दुपार गेली. सापडली.

संगिताबाई, बोळीपलीकडच्या, भिंतीवरून वाकून बघत होत्या. "शालूबाई, सुनंला नोकरी लागली जणू गॅरेजात."

आत्याबाई म्हणाल्या, "तुमच्या सुनंला मोबाइल चालवता येतो, माझ्या सुनंला गाडी उघडता येती. ज्याचं त्याचं नशीब."

मला बरं वाटलं. पण संगिताबाई गेल्यावर आत्याबाई माझ्याशी चार शब्द बोलल्या नाहीत.

९ सप्टेंबर

नवे टायर बसले. सेवानं जवळ्याहून पेट्रोल आणून दिलं. त्यात ऑइल मिसळायचं राहिलंच होतं, फोनवर लखमामामांनी ओरडून सांगितलं म्हणून वाचले. नाहीतर इंजिन पहिल्याच दिवशी जाम.

झाकण उघडून ओतणार तर आत्याबाईंनी बाटली हातातून घेतली. "मी ओतते."

"सांडेल."

"सांडू दे. मी ओतते."

माझ्याकडे पाठ करून, पदरानं टाकीचं तोंड झाकल्यासारखं करत त्यांनी हळूहळू ओतलं. झाकण स्वतःच घट्ट लावलं. मुलाच्या गाडीला स्वतःच्या हातानं काही द्यावंसं वाटलं असेल. मी बाजूला उभी राहिले.

किका मारून मारून पोटरी सुजली. नाही झाली सुरू.

१२ सप्टेंबर

सुरू झाली.

दुपारी पावणेचारला. आधी दोनदा खोकली, मग धूर, मग तो आवाज. डुग-डुग-डुग. गोठ्यातल्या कोंबड्या उडाल्या, म्हैस दावं ताणून उभी राहिली. मी तिथेच खाली बसले. नऊ वर्षं हा आवाज या घरात नव्हता आणि माझ्या कानानं तो जसाच्या तसा ठेवलेला होता.

आत्याबाई दारात आल्या. मला वाटलं, त्याही रडतील. पण त्यांचा चेहरा रडका नव्हता. घाबरलेला होता. म्हणाल्या, "बंद कर."

बंद केली.

१४ सप्टेंबर, रविवार

ह्यांनी मला लग्नानंतर आठ दिवस खळ्यात गाडी शिकवली होती. तेव्हा आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. पाय विसरला नव्हता. ह्यांची जुनी पँट वर दुमडून घातली, वरून कुडता. खळ्यात चार फेऱ्या मारल्या, मग रस्त्याला लागले.

शाळा गेली, पाण्याची टाकी गेली. समोर लिंबाचं वळण दिसलं आणि माझे हात घट्ट झाले. लिंबाच्या अलीकडे पन्नास पावलांवर इंजिन फडफडलं आणि बंद पडलं.

खूप किका मारल्या. मग रस्त्याच्या कडेला बसून राहिले. त्या झाडाकडे बघायचं नाही असं ठरवून. दहा मिनिटांनी सहज किक मारली, तर पहिल्याच किकेला सुरू. वळवून घरी आणली. अंगणात आल्यावर पुन्हा बंद पडली, पण तेव्हा माझाच क्लच चुकला असणार.

१५ सप्टेंबर

पुन्हा तिथेच.

१६ सप्टेंबर

पुन्हा. पंचवीस-तीस पावलांचा फरक. तिन्ही वेळा माघारी आणताना मात्र घरापर्यंत नीट आली, अंगणात येऊनच बंद पडली.

मी हे लिहू नये, पण लिहिते. आज गाडी बंद पडल्यावर मी हळूच म्हणाले, "सोडा ना. दुधाचं काम आहे." कुणाला म्हणाले ते मला माहीत आहे. आजूबाजूला कुणी नव्हतं.

१८ सप्टेंबर

गावात बोभाटा झाला. पाराजवळून जाताना ऐकलं, "शिवाच धरतोय म्हनं गाडी. बायकोला पुढं जाऊ देईना." दुसरा म्हणाला, "बरं करतोय." मग हसले. मी न थांबता गेले.

कार्बोरेटर पुन्हा खोलला. तळाशी पिवळसर गाळ, आणि एक बारीक हिरवा धागा. माझ्याच पुसायच्या फडक्याचा असेल. पण फडकं पांढरं आहे. असो.

लखमामामांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "एक किलोमीटर जाऊन बंद, थांबलं की चालू. पेट्रोल येऊन नाही राहिलं खाली. टाकी धुतली ना?"

"धुतली."

"बराबर धुतली?"

"हो मामा."

खोटं बोलले. सत्तर वर्षांच्या माणसाशी, जो मला फुकट शिकवतो त्याच्याशी. पण मी आत्याबाईंना शब्द दिलाय. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात आता पेट्रोल नाहीच. माझ्या मनात तो लिंब आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

आत्याबाईंनी घट बसवला. नऊ दिवस उपवास, तोही नुसत्या पाण्यावर. वय बहात्तर. मी म्हणाले, "एवढा कडक कशाला? गेल्या वर्षी फराळ करत होता."

"यंदा मागणं हाय देवीपाशी."

"काय?"

"मागणं सांगितल्यावर मागणं राहतं का?"

दुपारी गाडीची चावी खिळ्यावर नव्हती. सगळं घर शोधलं. शेवटी घटाच्या पत्रावळीखाली, मातीत दिसली. काढून घेतली. हाताला ओली माती आणि गव्हाचा एक दाणा चिकटून आला.

बाईनं गाडी चालवलेली लोकांना चालत नाही, हे मी समजू शकते. पण घरातच? ज्यांनी संगिताबाईंना तसं उत्तर दिलं त्याच? माझ्या मनात त्यांच्याविषयी इतकी कडू भावना आज पहिल्यांदा आली. लिहून टाकते म्हणजे बोलली जाणार नाही.

२५ सप्टेंबर

पाऊस थांबेना. पूर्णेला पाणी चढलंय म्हणतात. बायका नदीची ओटी भरायला गेल्या. सवाष्णी पुढे होत्या. संगिताबाई परडी घेऊन दारावरून गेल्या तेव्हा मी आत सरकले. सवय झालीय. नऊ वर्षांत कुणी माझी ओटी भरली नाही आणि मीही कुणाच्या समोर आले नाही. आत्याबाई उंबऱ्यावर बसून त्या बायकांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "ओटी भरली की नदी लेकरं घेत न्हाई."

"असं म्हणतात."

"म्हणतात न्हाई. खरं हाय ते." आणि मग जरा वेळानं, "पन भरलेली ओटी उपसायची न्हाई कधी. उपसली की ती दुप्पट मागती."

त्यांना उपवासानं भोवळ येतेय बहुतेक. डोळे कुठेतरी लांब होते.

२७ सप्टेंबर, शनिवार

अक्षर नीट येत नाही.

आज दोन्ही कॅन पाण्यानं भरून गाडीला लटकवले. वजनानं गाडी कशी वागते ते बघायचं होतं. पाऊस नव्हता. वळणाशी आले, यावेळी जोरात आले, की झपाट्यात पलीकडे जाईन. आणि ती बरोबर वळणाच्या मध्ये गेली. एकदम. कॅनच्या वजनानं गाडी उजवीकडे कलली, मी पाय टेकवला, तो चिखलात घसरला. मागून सोयाबीन भरलेला ट्रॅक्टर. त्याचा हॉर्न मला ऐकू येत होता पण गाडी सोडून पळायचं सुचेना. दोन्ही हातांनी हँडल धरून उभी. ट्रॅक्टरवाल्यानं नाल्याच्या बाजूला ओढला. ट्रॉलीचं चाक माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेलं.

तो खाली उतरला आणि ओरडला, "मरायचं हाय का बाई? ह्याच जागी?"

ह्याच जागी. त्यालाही माहीत होतं.

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. आत्याबाई अंगणात मातीत बसलेल्या. मला बघून उठल्या, जवळ आल्या, आणि माझ्या गालावर चापट मारली. जोरात नाही. मग तोच हात माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून, गुडघ्यावरून फिरवला, जसं बाजारातून आणलेलं वासरू तपासतात तसा. "लागलं न्हाई? कुठं लागलं न्हाई?" म्हणत.

२८ सप्टेंबर

जिवनबाई आली होती. तिला सगळं कळलंय. ओसरीवर बसून चहा प्याली. म्हणाली, "निताबाई, तुमी सांगा 'न्हाई जमत' म्हणून. मी राग न्हाई धरणार. म्हशीला गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी."

"दसऱ्यापर्यंत थांबा."

"तुमी मेल्या तर त्या दुधाचा चहा माझ्या नरड्याखाली उतरंल का?"

"मी मरत नाही."

"शिवशंकर पन असंच म्हणत असंल." मग लगेच तोंडावर हात ठेवला. "जीभ जळो माझी."

ती गेल्यावर मी गाडीजवळ उभी राहिले. कोण अडवतंय? मेलेला नवरा की पेट्रोल? मी बारावी शिकलेली बाई, मुलांना सांगते ग्रहण म्हणजे सावली. आणि माझ्या मनात पहिला प्रश्न कोणता आला, ते वर लिहिलंय.

३० सप्टेंबर

ठरवलं. उद्या खंडेनवमी. गाड्या धुवायचा दिवस. टाकी काढणार. आत्याबाईंना आज सांगितलं नाही. शब्द मोडते आहे, हे इथे लिहून ठेवते.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आत्याबाई देवळात गेल्या तेव्हा टाकीचे दोन बोल्ट काढले. पेट्रोल डब्यात गाळून घेतलं. मग टाकी दोन्ही हातांनी उचलून घमेल्यावर उलटी केली.

आत काहीतरी खुळखुळलं. आधी गंजाचं पाणी आलं. मग एक सुपारी पडली, टण्णकन. मग तांदूळ.

मुठीनं तांदूळ. पिवळे, काळपट, काही फुगून फुटलेले. हळकुंड. आणखी सुपाऱ्या. शेवटी तोंडाशी काहीतरी अडकलं. बोटानं ओढलं. हिरवा खण. चार बोटं रुंदीची पट्टी, पेट्रोलनं भिजून जाळीसारखी पातळ झालेली, आणि तिला गुंतलेल्या जुन्या पट्ट्यांच्या चिंध्या.

मी किती वेळ ती हातात धरून होते कोण जाणे. मग डोकं आपोआप चालू लागलं, लखमामामांच्या आवाजात. पेट्रोल खाली ओढलं गेलं की चिंधी भोकावर बसते. किलोमीटरभरात खालचं पेट्रोल संपतं. गाडी थांबते. ओढ थांबली की चिंधी सुटते. दहा मिनिटांनी सुरू होते. घर ते वळण एक किलोमीटर. वळण ते घर एक किलोमीटर. अंगणात बंद पडायची तो माझा क्लच नव्हता.

ह्यांनी कधी अडवलंच नव्हतं मला.

इतकं हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं एकटं.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. हातात देवळातलं ताट. घमेल्याकडे बघत होत्या. ताट त्यांनी खाली ठेवलं, पाय दुमडून बसल्या.

"उपसलीस," म्हणाल्या.

"आत्याबाई, हे तुम्ही..."

"तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आन् मग दर खंडेनवमीला मूठभर. नदीची भरतो, हिची काहून न्हाई भरायची? एक घेतलं हिनं. दुसरं घेऊ नये."

"दुसरं कोण? घरात दुसरं होतं कोण?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना विचारलं, सूर्य कुठे उगवतो.

मी म्हणाले, "तुम्ही विधवा, आत्याबाई. ओटी भरायला तुम्हाला कुणी..."

"म्हणून तर झाकण लावून भरली. कुणाला दिसंल म्हणून." त्यांनी खणाची पट्टी माझ्या हातातून घेतली, पिळली, उन्हात धरली. "तुझ्या लग्नातला खण हाय ह्यो. आख्खा व्हता. दर वर्षी एक पट्टी फाडली."

मग त्या टाकीकडे वळल्या. "धू आता. चांगली धू. उपसलीच हाय तर अर्धवट ठिऊ नको."

साबण, खडे, गरम पाणी. सहा वेळा धुतली. शेवटच्या पाण्यात त्यांनीच हात घातला आणि तळाला चिकटलेला एक दाणा काढला.

२ ऑक्टोबर. दसरा

टाकी दिवसभर उन्हात. टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकची जाळी सडलेली होती. लखमामामांनी सणाच्या दिवशी दुकान उघडून जुन्या डब्यातली एक शोधून दिली. मी त्यांना खरं सांगितलं, की टाकी धुतली नव्हती आणि आत काय निघालं. ते बराच वेळ जाळी फुंकून साफ करत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत टाकीतून उंदीर काढला, चांदीचा रुपया काढला. ओटी न्हाई काढली कधी." पैसे घेतले नाहीत. सोनं दिलं, पाया पडले.

वळणापलीकडे नेऊन बघायला वेळ राहिला नाही. उद्या थेट दूध घेऊनच.

आत्याबाईंनी नऊ दिवसांचा उपवास सोडला नाही. "उद्या सोडीन," म्हणाल्या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटे कॅन बांधले, गाठी दोनदा ओढून बघितल्या. जिवनबाई स्वतः दूध घेऊन आली, नेहमी नातीला पाठवते. गाडीकडे बघत उभी राहिली. तांड्यावरून ट्रकचा आवाज येत होता, सामान भरत होते.

निघणार इतक्यात आत्याबाई बाहेर आल्या. हातात सूप. त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि नवा खण. हिरवाच.

"पदर न्हाई तुला," त्यांनी माझ्या पँटीकडे आणि कुडत्याकडे बघून म्हटलं. "ओढणी धर पुढं."

"आत्याबाई, लोक..."

संगिताबाई भिंतीपलीकडे सडा टाकायच्या थांबलेल्या. जिवनबाई माझ्याकडे बघत होती. एका विधवेनं दुसऱ्या विधवेची ओटी भर अंगणात भरायची. मी ओढणी धरली. त्यांनी तीनदा ओंजळ ओतली. काही दाणे खाली पडले. ते त्यांनी उचलून परत ओढणीत टाकले, एक-एक.

"झाकण न लावता भरली," त्या म्हणाल्या. "जा. आन् ये."

संगिताबाई तांब्यातलं उरलेलं पाणी दाराच्या कडेला ओतून आत गेल्या.

ओटी कमरेला घट्ट बांधली. किक. सुरू.

शाळा. पाण्याची टाकी. वळण दिसू लागलं तसं मी कान गाडीला लावून होते. फडफडलं, की मला वाटलं? नाही. आवाज तोच. डुग-डुग-डुग. लिंबाच्या अलीकडे पन्नास पावलं. तीस. मी वेग वाढवला नाही. वळणात घातली, वजन सांभाळलं, आणि झाड डाव्या हाताला मागे गेलं. मी वळून बघितलं नाही. "येते," एवढं म्हणाले.

सात चाळीसला केंद्रावर पोचले. केंद्राचे व्यंकटराव काट्यावरून मान वर करून म्हणाले, "अरे, हे कोणतं विमान आणलं?" मग कॅन उघडून वास घेतला, थेंब काचेत सोडला. "दूध चांगलं आहे. उद्यापण आणा." तिथूनच जिवनबाईच्या फोनवर फोन लावला. तिनं उचलला, मी "पोचलं" म्हणाले. पलीकडे ट्रकचा आवाज होता, मग तिनं कुणाला तरी ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, "माझं गाठोडं खाली उतरवा रं!"

परत येताना वळणावर लिंबाखाली कुणीतरी बसलेलं दिसलं. आत्याबाई. चप्पल काढून शेजारी ठेवलेली, पाय चिखलात भरलेले. नऊ वर्षांत त्या या झाडाकडे आल्या नव्हत्या. शेताला जायचं तर लांबून, पांदीनं जायच्या.

गाडी थांबवली. "इथे काहून बसलात? उपाशीपोटी एवढं चालत?"

"म्हटलं, बंद पडली तर धक्का मारायला कुणी तरी पायजे."

बहात्तर वर्षांची बाई, पाण्यावर अकरा दिवस काढलेली. राजदूतला धक्का मारणार.

मी हसले आणि मला थांबता येईना, हसण्याचं दुसरंच काही होऊ लागलं. त्यांनी चप्पल घातली, रिकाम्या कॅनांमधून वाट काढत, माझ्या खांद्याला धरून मागे चढल्या. बसल्यावर दोन्ही हात माझ्या कमरेभोवती घातले, ओटीच्या गाठीवर.

"हळू चालव," म्हणाल्या.

ओटीचे तांदूळ आज शिजवले. दोघींनी दूध घालून खाल्ले. उद्या पहाटे पुन्हा निघायचंय.